हवेचा हिशेब

संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमध्ये डोंगर नाही. खाडी आहे, खारफुटी आहे, सबखा म्हणजे मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन आहे. आतल्या बाजूला फलज अल मुअल्लाकडे जाताना वाळूच्या टेकड्या आणि खजुराच्या बागा लागतात. पण ज्याला चढ म्हणावं असा चढ उड्डाणपुलाचाच. अशा गावात माउंटन बाइक बाळगणाऱ्या आणि वर तिला नवा सस्पेंशन फोर्क घेणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीने बघतात. त्यांना मी सांगतो, डोंगर तासाभरावर आहे. फलज अल मुअल्ला आणि धैद मागे टाकून पूर्वेकडे गेलं की हजर पर्वताच्या काळपट-तपकिरी रांगा दिसू लागतात आणि रास अल खैमाच्या हद्दीतल्या शौका धरणाच्या आसपास सायकलच्या वाटा सुरू होतात.

गाव आणि डोंगर यांच्यातलं हे अंतर माझ्या कामाच्या मुळाशी आहे. फोर्क बसवायचा इथे, समुद्राकाठच्या बाल्कनीत. चालवायचा तिथे, दगडांत आणि वेगळ्या उन्हात. इथे भरलेली हवा तिथे पोचेपर्यंत तीच राहत नाही. त्यामुळे हवेच्या दाबाबद्दलच्या 'किती पीएसआय?' या प्रश्नाला नुसता आकडा देणं मी बंद केलं आहे.

लहानपणी आपण ज्या सायकली चालवल्या त्यांच्या पुढच्या चिमट्यात काही हलत नसे. खड्डा आला की मनगटं सोसत. मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींवर मेकॅनिकचं काम केलेल्या पॉल टर्नरने १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी सुरू केली. हवेची स्प्रिंग आणि तेलाचं डँपिंग असलेला त्यांचा आरएस-१ हा फोर्क जेमतेम दोन इंच दबत असे. 'वजन वाढवणारं खूळ' म्हणून त्याकडे नाक मुरडणारे होतेच. पण १९९० साली कोलोराडोतल्या ड्युरँगोला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे ग्रेग हर्बोल्डने हाच फोर्क लावून डाउनहिलची शर्यत मारली आणि वाद बराचसा मिटला. तेव्हापासून ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क दबण्याचं अंतर, दुप्पट-तिप्पट झाला, नळ्या जाड झाल्या, पण आतलं तत्त्व तेच आहे. आता बहुधा एका पायात स्प्रिंग, दुसऱ्यात डँपर. स्प्रिंग धक्का साठवते, डँपर तो खर्च करतो.

फोर्क आरामासाठी असतो असा समज आहे. आराम मिळतो, पण तो ओघाने. खरं काम टायर जमिनीला चिकटवून ठेवण्याचं. टायर हवेत असेल तर ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. हे एकदा पटलं की खरेदीचे निकष बदलतात. दुकानात हात ठेवून दाबला की लोण्यासारखा खाली जाणारा फोर्क चांगला, असं मग वाटेनासं होतं.

खरेदीत निम्मं काम मापांचं असतं. चाक २९ इंची की २७.५, स्टिअरर नळी सरळ की खाली दीड इंचापर्यंत रुंदावणारी, एक्सल ११० मिमीचा बूस्ट की जुना १०० चा, ब्रेकची डिस्क केवढी. यातलं एक चुकलं तरी खोका परत पाठवावा लागतो. ऑफसेट, म्हणजे स्टिअररच्या रेषेपासून एक्सल किती पुढे आहे ते, बघायचा, कारण त्यावर हँडलची चपळाई ठरते. २९ इंची चाकाला साधारण ४४ किंवा ५१ मिमी मिळतो. सगळ्यात मोठा मोह ट्रॅव्हलचा. १२० च्या जागी १४० घेतला की वीस मिलिमीटर जास्तीचे मिळाले असं वाटतं. प्रत्यक्षात सायकलचं नाक वर होतं, हेड अँगल अंशभर कलतो, चढावर पुढचं चाक भरकटू लागतं आणि फ्रेमच्या गळ्यावर ताण वाढतो. फ्रेम बनवणाऱ्याने जी कमाल मर्यादा दिली असेल ती पाळावी. माझी फ्रेम १४० पर्यंत चालते, म्हणून मी १४० घेतला. एरवी घेतला नसता.

दुबईत सायकलींची मोठी दुकानं आहेत. मधल्या प्रतीचा चांगला फोर्क तिथे दोन-तीन हजार दिरहमच्या घरात जातो, वर पाच टक्के व्हॅट. तेवढ्यात इथल्या लहानशा फ्लॅटचं महिन्याचं भाडं निघेल. खर्च करायचाच तर तो डँपरवर करावा, सोनेरी नळ्यांवर नाही. कॉइल स्प्रिंगचा फोर्कही मनात घोळत होता. पोलादी स्प्रिंगला उन्हाचा फारसा फरक पडत नाही, तिला सीलचं घर्षणही कमी. पण वजन जास्त, आणि माणसाचं वजन बदललं की स्प्रिंगच बदलायची. हवेच्या फोर्कमध्ये तेच काम पंपाने होतं. त्याची किंमत म्हणजे हवेचे लाड करावे लागतात.

बसवण्याच्या कामात न सुधारता येणारी पायरी एकच, स्टिअरर कापण्याची. नळी कापून लहान करता येते, मोठी करता येत नाही. जुन्या फोर्कचं माप घ्यावं, नवा फोर्क हेडसेटमध्ये घालून स्टेम आणि स्पेसर चढवून पुन्हा माप घ्यावं, आणि पहिल्यांदा कापताना एक स्पेसर जास्तीचा धरावा. करवत सरळ चालावी म्हणून गाइड लावायचा. नळीचं तोंड वरच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या काठापासून तीनेक मिमी खाली राहायला हवं, नाहीतर टॉप कॅप दाबून बसत नाही आणि हेडसेट खडखडतो. कापल्यावर आतबाहेरचे काठ कानसीने घासायचे. क्राउन रेस पूर्ण टेकली आहे का ते उजेडात धरून बघायचं. मग स्टार नट सरळ ठोकायचा, टॉप कॅपने बेअरिंगमधली ढिलाई काढायची आणि शेवटी स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे. स्टेम आधी आवळला तर टॉप कॅप कितीही पिळली तरी खेळ जात नाही.

एक तपासणी बरेच जण टाळतात. सगळी हवा काढून फोर्क पूर्ण दाबायचा आणि टायर क्राउनला किंवा फ्रेमच्या खालच्या नळीला घासतो का ते बघायचं. हँडल दोन्हीकडे वळवूनही बघायचं. हे बाल्कनीत कळलेलं बरं.

यानंतर सॅग, म्हणजे आपण नुसते उभे राहिलो की फोर्क आपल्या वजनाने किती बसतो ते माप. पंधरा ते वीस टक्के ही रूढ मर्यादा. १४० मिमीच्या फोर्कला २१ ते २८ मिमी. हवा भरल्यावर फोर्क दहाबारा वेळा सावकाश दाबायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा वाटली जाते आणि गेजवरचा आकडा थोडा उतरतो. खरा आकडा तो. मग नळीवरचा रबरी ओ-रिंग खाली सरकवून, भिंतीचा आधार घेत पेडलवर उभं राहायचं, वजन हातापायांत वाटून, जसं उतारावर उभे राहतो तसं.

इथे आखाताची एक खास गोष्ट येते, ती म्हणजे पाणी. सह्याद्रीत पावसाळ्यात एका बाटलीवर भागतं. इथे पाठीवर तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन. शिवाय हेल्मेट, बूट, ट्यूब, अवजारं. हे सगळं अंगावर घेऊनच सॅग मोजायचा. बनियनवर मोजलेला सॅग डोंगरात खोटा पडतो. आणि पाणी पीत जाल तसं पाठीवरचं ओझं घटतं, तेव्हा परतीच्या वाटेवर फोर्क किंचित ताठ वाटणार हेही धरून चालायचं.

रिबाउंडसाठी, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग लावण्यासाठी, मात्र आमचं सपाट गाव उत्तम. डोंगरात दहा गोष्टी एकदम होतात, त्यात फोर्कचं म्हणणं ऐकू येत नाही. रिकाम्या रस्त्यावर स्पीड ब्रेकर किंवा फुटपाथची कड पुरे. नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत उघडत जायचं. कडेवरून उतरल्यावर नाक वर येऊन एकदाच स्थिरावलं तर ठीक. दोनदा हललं तर रिबाउंड जलद, वर यायला आळस केला तर मंद. कॉम्प्रेशन, म्हणजे दबण्यावरचा लगाम, या टप्प्यावर पूर्ण उघडं ठेवायचं, म्हणजे दोन नॉबांची सरमिसळ होत नाही.

आता उष्णता. बंद कप्प्यातली हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेत शिकलेलं. पण तिथे तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजायचं असतं आणि गेजवर दिसणाऱ्या दाबात बाहेरच्या हवेचे १४.७ पीएसआय मिळवायचे असतात, ते आपण विसरतो. जानेवारीतल्या पहाटे १५ अंशांवर ८० पीएसआय भरला असेल, तर तोच फोर्क ४५ अंशांवर ९० च्या जवळ जातो. गाडीच्या रॅकवर उन्हात आलेला काळा फोर्क हवेपेक्षाही जास्त तापतो. त्याच वेळी डँपरमधलं तेल पातळ होतं आणि रिबाउंड जलद होतो. म्हणजे स्प्रिंग ताठ आणि परतीचा लगाम सैल, दोन्ही बदल एकाच दिशेचे. खडकावर आपटून फोर्क उसळू लागतो आणि लोक फोर्कला नावं ठेवतात. तबलजी मैफलीच्या जागी पोचल्यावर हातोडी घेऊन तबला पुन्हा लावतो, तेव्हा तबला बिघडला असं कुणी म्हणत नाही. फोर्कलाही तीच वागणूक हवी. दाब तपासायचा तो वाट सुरू होते तिथे, सायकल सावलीत थोडी निवल्यावर.

शौकाचा दगडही समजून घ्यावा लागतो. हजरच्या या भागात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा खडक जमिनीवर ढकलला गेला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ऑफिओलाइट म्हणतात. तो धारदार कडांनी फुटतो. वाटेवर सुटे, टोकदार तुकडे पसरलेले असतात, मुठीएवढे आणि त्याहून मोठे. मोठ्या उड्या कमी, बारीक मारा अखंड. इथे रिबाउंड मंद असेल तर एका दगडातून सावरण्याआधी दुसरा येतो, फोर्क खाली खाली बसत जातो आणि शेवटी उरलेल्या थोड्याशा ट्रॅव्हलवर चालतो. चालवणाऱ्याला तो कडक वाटतो, म्हणून तो हवा काढतो, आणि दुखणं वाढतं. उपाय उलटा असतो. रिबाउंड एक क्लिक उघडायचा.

डोंगरातल्याच हट्टा या गावाच्या बांधीव वाटांवर, जिथे हिरव्यापासून काळ्यापर्यंत रंगांनी अवघडपणा दाखवला आहे, तिथे वळणं मोकळी आणि उतार लांब. तिथे थोडं कॉम्प्रेशन वाढवलेलं बरं, म्हणजे ब्रेक मारताच नाक बुडत नाही. दुबईच्या मुशरिफ पार्कात घाफच्या झाडांमधून वाळू लागते. वाळूत फोर्क काही करू शकत नाही, तिथे टायरमधली हवा आणि मागे ठेवलेलं वजन कामाला येतं. सुट्टीत साताऱ्याकडे गेलो की बेसॉल्टच्या पायऱ्या आणि ओली लाल माती. तिथला आकडा पुन्हा निराळा.

म्हणून मी वही ठेवतो. तारीख, जागा, तापमान, दाब, रिबाउंडचे क्लिक आणि ओ-रिंग कुठवर गेला होता ते. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या धक्क्याला जेमतेम पूर्ण ट्रॅव्हल वापरला गेला असेल तर हवा बरोबर आहे. सॅग योग्य असूनही फोर्क वारंवार तळ गाठत असेल तर हवेच्या कप्प्यात एक टोकन घालायचं. त्याने कप्पा लहान होतो आणि शेवटचा भाग ताठ होतो. एका वेळी बदल एकच. दोन केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

देखभालीत इथला शत्रू चिखल नाही, पीठ झालेली धूळ आणि खारी दमट हवा आहे. घरी आल्यावर नळ्या मऊ फडक्याने पुसायच्या. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारायचा नाही, धूळ त्याने आत जाते. सबखेत सायकल घालायचीच नाही, कारण फोर्कचे खालचे पाय मॅग्नेशियमचे असतात आणि रंग उडालेल्या जागी मीठ लागलं की धातू खाऊ लागतो. रॉकशॉक्स खालच्या पायांचं तेल आणि फोमच्या रिंगा ५० तासांनी बघायला सांगते. इथे मी त्याहून लवकर उघडतो. बाहेर आलेलं तेल करडं दिसलं की पटतं.

आमच्याबरोबर येणारा सांगलीचा एक तरुण आहे. त्याने परवा नवा फोर्क घेतला आणि लगेच फोन केला, "दादा, किती पीएसआय ठेवू?"

मी विचारलं, "पाणी किती घेतोस पाठीवर? आणि निघणार कधी, पहाटे की उन्हं चढल्यावर?"

"तुम्ही आकडा सांगा ना सरळ."

"फोर्कच्या पायावर तक्ता चिकटवलेला असेल, वजनाप्रमाणे आकडे दिलेले. तिथून सुरू कर. शौकाला पोचल्यावर पंप काढ आणि पुन्हा बघ."

तो थोडा नाराज झाला, आणि ते साहजिक होतं. एवढे पैसे मोजल्यावर वस्तू तयार मिळावी असं कुणालाही वाटेल. पण कारखान्यातून येतो तो कुणाचाच फोर्क नसतो. त्याला चालवणाऱ्याचं वजन ठाऊक नसतं आणि वाटही. ती ओळख करून देण्याचं काम विकत मिळत नाही. म्हणून कुणी सल्ला मागितला तर मी सांगतो, बजेटपेक्षा एक पायरी खालचा फोर्क घे आणि उरलेल्या पैशांत चांगला शॉक पंप, सीलचा संच आणि तेल घे. नीट लावलेला मधला फोर्क न लावलेल्या महागड्या फोर्कपेक्षा उतारावर जास्त विश्वासाचा असतो. वहीचे पैसे वेगळे धरायची गरज नाही, जुनी डायरी चालते.