मिचमिचणारा दिवा

‘स्मार्ट’ म्हणवणाऱ्या वस्तूंची एक गंमत आहे मंडळी. अडलं तर त्या सांगत नाहीत, नुसत्या मिचमिचतात.

गावी आई एकटीच असते. वाडीत केबलचं इंटरनेट नाही, म्हणून सिमकार्डवर चालणारा छोटा राऊटर रेंज मिळते त्या खिडकीत ठेवलाय. पडवीतला दिवा तिन्हीसांजेला आपोआप लागावा, तिला अंधारात बटण चाचपायला लागू नये, एवढाच हेतू. पण फोनला वायफाय मिळत होतं, दिव्याला मात्र नाही!

कारण असं की, हा राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो आणि दोन्हींना नाव एकच देतो. फोनला दोन्ही कळतात. अशा बहुतेक दिव्यांना फक्त २.४. शिवाय २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ सुरक्षा पुष्कळ उपकरणांना समजतच नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, २.४ ला डब्ल्यूपीए-२ ठेवलं, फोनही त्याच पट्टीवर आणला. दिवा लगेच जोडला गेला.

आता पुण्यात बसून तो मला फोनवर दिसतो. राऊटरला बॅटरी आहे, दिव्याला नाही. म्हणजे वीज गेली की दिवा ‘ऑफलाइन’. कधी नुसतं नेट गेलेलं असतं. नक्की काय ते कळत नाही, म्हणून फोन लावतो.

"गेलीय रे मघाशीच," आई म्हणते, "कंदील आहे. तू जेवलास का?"

दिवा निदान मिचमिचतो तरी. ही आपणहून काही सांगायची नाही.