लाइट बिल कुणी भरायचं?

आजारी माणसाला घरातलं काही सांगू नये आणि काही करू देऊ नये, हे माझं मत माहेरून आलेलं. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा पैशांची ओढाताण, भावांची भांडणं, कुणाचं नापास होणं, सगळं त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबायचं. यालाच आम्ही माया म्हणायचो. पुढे ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं आणि सांगलीच्या आमच्या घरात मी तोच नियम लावला. तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं लावला म्हटल्यावर तो सैल असणं शक्यच नव्हतं.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास मशीनवर. पण ज्याच्या घरी ते आहे त्याला विचारा, खरं काम उरलेल्या वेळातच असतं. दिवसाचं पाणी मोजून द्यायचं, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. बटाटा आणि पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. केळं नाही, शहाळं नाही. दुकानात 'हृदयासाठी चांगलं' म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर अजिबात नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, म्हणून त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, जड पिशवी धरायची नाही. रोज सकाळी तिथं बोट ठेवून थरथर लागते का ते बघायचं. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं ते लिहायचं. मी वही केली होती, रकाने आखून.

ह्यांनी फक्त बसायचं. भाजी मी आणायची, बँकेत मी जायचं, औषधांच्या डब्या मी भरायच्या. लाइट बिलसुद्धा मीच भरायचं. ह्यांनी एकदा मोबाइलवरून भरतो म्हटलं तर मी म्हटलं, "राहू दे हो, मी आहे ना!" डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकांवर इतर बायका म्हणायच्या, तुमच्यासारखं करणारं माणूस मिळायला नशीब लागतं. मी नुसती हसायची, पण ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवायची. मनोगत लिहायचं तर हे लपवून चालणार नाही: ती प्रशंसा मला आवडत होती. निवृत्तीनंतर मला कुणी 'बाई, बाई' म्हणत मागं येत नव्हतं. या घरात मात्र माझ्यावाचून पान हलत नव्हतं, आणि ते हलू नये याची व्यवस्था मीच केली होती.

आता माझ्या स्वतःच्या दुखण्याचं. कमरेला परकराच्या नाडीचा काळा पट्टा आपल्याकडच्या कितीतरी बायकांना असतो. माझ्या सासूबाई नऊवारी नेसायच्या. त्यांच्या कमरेभोवतीची कातडी काळी, जाड, खरखरीत झाली होती, आणि तो पट्टा संसाराचा भाग असल्यासारखाच होता. मलाही होता. घामाच्या दिवसांत खाज सुटायची. उजव्या बाजूला, नाडीची गाठ येते तिथं, एक चीर पडली. भरायची, पुन्हा उकलायची. मेडिकलवाल्यानं दिलेलं गजकर्णाचं मलम लावलं, घरचं खोबरेल लावलं. पुढं तिथं कडा जाड झालेला व्रण झाला, पण फारसा दुखत नव्हता. आणि दुखत नाही ते बायका डॉक्टरला दाखवत नाहीत, त्यातून जागा अशी. नवऱ्याच्या सेवेत स्वतःकडे दुर्लक्ष झालं, असं आता लोक माझ्या वतीनं सांगतात. ते ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही. ह्यांची मूत्रपिंडं ठणठणीत असती तरी मी कमर उघडी करून दाखवायला इतकीच टाळाटाळ केली असती.

शेवटी दाखवायला गेले तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. त्वचेचा कर्करोग. मला वाटायचं हा गोऱ्या लोकांचा, उन्हात पडून राहणाऱ्यांचा आजार. आपल्याकडे तो कमी आहे हे खरंच, पण जिथं ऊन कधी पोचत नाही अशा जागीही तो होतो, आणि तो आपल्या नेसण्यातून होऊ शकतो हे डॉक्टरांना नवीन नव्हतं. टाटा मेमोरियलमधले वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेला होणाऱ्या कर्करोगावर लिहून ठेवलं आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी घासणं, घाम, कातडीचा रंग बदलणं, मग व्रण, आणि न भरणाऱ्या अशा जुन्या व्रणातून कधीतरी कर्करोग. जुन्या व्रणातून उपजणाऱ्या या प्रकाराला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाचं नाव आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून अशाच दोन बायकांची हकिकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातली एक परकर घट्ट बांधणारी, तर दुसरी चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं नेसणारी. दुसरीचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. हे वाचून मला सासूबाई आठवल्या. त्यांच्या पट्ट्याकडे आम्ही कुणी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

आता माझ्या नियमाची कसोटी होती. ह्यांना सांगायचं नाही हे मी डॉक्टरांच्या खोलीतच ठरवलं. पुण्याच्या लेकीला सांगायचं, तिनं रजा काढून यायचं, ह्यांना माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगायचं. हर्निया निवडला कारण जागा जवळची होती. खोट्यालाही मी गणित लावलं होतं.

ते घरी पोचायच्या आधीच फसलं. लॅबमध्ये गेली काही वर्षं आमच्या घरचा नंबर म्हणून ह्यांचाच मोबाइल नोंदवलेला आहे. रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज, खाली लिंक, सगळं ह्यांच्या फोनवर गेलं. मी दार उघडून आत आले तेव्हा हे चष्मा लावून तो रिपोर्ट वाचत होते. इतकी वर्षं स्वतःचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन वाचून वाचून ह्यांना रिपोर्टची भाषा माझ्यापेक्षा चांगली कळते. मला वाटलं आता ह्यांचं बीपी चढणार. ह्यांनी विचारलं, "यात डिफरन्शिएशन चांगलं लिहिलंय, म्हणजे त्यातल्या त्यात बरं. गाठींची सोनोग्राफी केली का?" मी रडायला लागले. मग म्हणाले, "तू मला साधं लाइट बिलसुद्धा भरू देत नाहीस. हे तरी करू दे."

त्यानंतरचे आठवडे मी घरात रुग्ण म्हणून काढले, आणि ते मला अजिबात जमलं नाही. सोनोग्राफीत जांघेतली एक गाठ मोठी दिसली, सुईनं तपासली, त्यात काही निघालं नाही. व्रण आणि त्याच्याभोवतीची एखाद सेंटिमीटर चांगली कातडी काढून टाकली आणि मांडीवरची पातळ कातडी तिथं लावली. कलम केलेल्या जागेपेक्षा मांडी जास्त ठणकते हे कुणी आधी सांगत नाही. काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आल्या, म्हणून रेडिएशनचा शेक द्यावा लागला नाही. सरकारी उपचारखर्चाच्या फुले योजनेची कागदपत्रं ह्यांनी केली. डायलिसिसमुळे योजनेच्या खिडकीवरच्या पोरांना हे नावानं ओळखत होते, कुठला कागद कमी पडेल ते ह्यांना आधीच माहीत होतं.

लेक आली, तिनं चार कामं हातात घेतली, पण तिला परत जायचंच होतं. मग घरात दोनच रुग्ण उरले. हे डायलिसिसला एकटे रिक्षानं जायला लागले. पहिल्या दिवशी मी खिडकीशी उभी. टाके ताणत होते तरी उभी. हे आले, नेहमीसारखे गळून गेलेले, बिछान्यावर पडले, तासाभरानं उठले आणि त्यांनी कुकर लावला. भाजी उकळून पाणी ओतलं. मला कुणी पोटॅशियम वर्ज्य केलं नव्हतं, पण वेगळी भाजी करण्याइतका ह्यांचा उत्साह नव्हता, म्हणून मीही तीच बेचव भाजी खाल्ली. तेव्हा कळलं हे इतकी वर्षं काय खात होते. जखमेची पट्टी बदलायला हेच. निर्जंतुक हातमोजे कसे चढवायचे, टेप कुठून सुरू करायची, रक्त पाझरलं तर किती पाझरणं ठीक, हे त्यांनी डायलिसिसच्या टेक्निशियनला तासन्‌तास बघून शिकून घेतलं होतं. चार तास माणूस मशीनवर बसतो तेव्हा डोळे मिटूनच असतो असं मी धरून चालले होते.

ह्यांचा चेहरा त्या दिवसांत उजळला, असं लिहायचा मोह होतो. पण तसं झालं नाही. हे दमायचे, चिडायचे. एकदा मशीनवर बीपी इतकं खाली आलं की मधेच थांबवावं लागलं, आणि त्या दिवशी मला खात्री वाटली की माझा जुना नियमच बरोबर होता. नंतर नेफ्रॉलॉजिस्टनी सांगितलं की त्या दिवशी पाणी जरा जास्त ओढलं गेलं होतं, त्याचा कुकरशी संबंध नाही. तरी मी दोन दिवस ह्यांना हलू दिलं नाही.

मत बदललं ते त्या दोन दिवसांत. हे पुन्हा खुर्चीत बसले, मी पुन्हा वही घेतली, आणि मला दिसलं की आमच्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. वजन किती, पाणी किती, गोळी घेतली का. त्याआधीच्या आठवड्यांत आम्ही भांडलो होतो, डॉक्टरांच्या नकला केल्या होत्या, पुढं काय वाईट होऊ शकतं तेही बोललो होतो, माझ्याबद्दल आणि ह्यांच्याबद्दलही. आपण गेल्यावर फिक्स डिपॉझिट कुणाच्या नावावर, हे इतक्या वर्षांत ह्यांनी मला प्रथमच विचारलं. आजोबांच्या खोलीत कुणीच बोलत नसे, ते त्यांच्यासाठी की आमच्यासाठी, असा प्रश्न मला साठी ओलांडल्यावर पडला.

म्हणून आता मी म्हणते की आजारी माणसाला काम सांगावं. झेपेल तेवढं, पण खरं काम, जे त्यानं नाही केलं तर अडेल असं. नुसतं मन रमवायला शेंगा सोलायला देणं वेगळं. डायलिसिसच्या बाकांवर मी हे बोलून दाखवलं तेव्हा एक बाई रागावल्या. त्यांच्या मालकांना मधुमेहानं दिसायचं बंद झालंय, पाय उचलत नाही. त्यांनी विचारलं, "मी काय सांगू त्यांना करायला?" मला उत्तर देता आलं नाही, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थही नव्हता. 'सेवा करणाऱ्यानं आधी स्वतःला जपावं' असले सुविचार मला पूर्वीही आवडत नव्हते, आताही आवडत नाहीत. ज्या घरात दुसरं माणूसच नाही, तिथं हे कुणाला सांगणार?

साड्या कपाटात आहेत. डॉक्टरांनी कमरेला घट्ट काही बांधायचं नाही म्हटल्यापासून सैल पंजाबी ड्रेस घालते. शेजारच्या काकू पहिल्यांदा बघून गालात हसल्या, पण आठवड्याभरानं कमरेवरचा स्वतःचा पट्टा दाखवायला आल्या. साधा काळा पट्टा होता, व्रण नव्हता. तरी त्यांना परकर सैल बांधायला, नाडीऐवजी रुंद पट्टी लावायला सांगितलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं.

पहिली दोन वर्षं मला दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आहे. पुढची तारीख नेमकी ह्यांच्या डायलिसिसच्या दिवशी आली आहे. ती बदलून घ्यावी असं माझं म्हणणं. हे म्हणतात, तू रिक्षानं मिरजेला जा, मी माझा जातो. लाइट बिल आता हेच भरतात, आणि या महिन्यात ते भरायचं विसरले आहेत.