आईची गादी सरकली

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबतेय, असं आईच्या एमआरआयमध्ये आलंय. शेजारच्या काकू ‘आता ऑपरेशनच’ म्हणून मोकळ्या झाल्या. आईचा चेहराच उतरला. डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावलं: बाहेर आलेला मऊ भाग बरेचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतं. केवढा दिलासा!

१९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी पायात उतरणाऱ्या कळेचा संबंध सरकलेल्या गादीशी जोडला आणि शस्त्रक्रियेची वाट रुळली. ती वाईट मुळीच नाही, पायाची कळ लवकर थांबते. पण वर्षभरानंतर ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्यांमधला फरक बराच कमी होतो. मग घाई कशाला? अर्थात लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर एक रात्रही थांबायचं नाही. हे मी घरात सगळ्यांना बजावलंय.

पलंगाला खिळून राहायचं नाही, हेही. आई उठताना आधी कुशीवर वळते, पाय खाली सोडते, मग हातावर जोर देऊन बसते. मी शेजारी उभी असते, पण ती हात देऊ देत नाही.

आज कळ पोटरीतून वर मांडीपर्यंतच राहिली. हे सुधारण्याचं लक्षण, असं फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. उद्यापासून चालणं थोडं वाढवायचंय.