चहा कोणाच्या हातचा? कोल्हापूरचे एक हॉटेल आणि त्याचे एक गिऱ्हाईक

कोल्हापुरात सकाळी मिसळ खायला गेलेल्या माणसाला सहसा लगेच जागा मिळत नाही. ज्याची ताटली रिकामी होत आली आहे अशा गिऱ्हाइकाच्या पाठीशी उभे राहावे लागते. तो उठला की बाकड्याचा तेवढा कोपरा आपला. शेजारी कोण बसला आहे, त्याचे आडनाव काय, गाव कोणते, याची चौकशी कोणी करत नाही. कट वाढणारा पोऱ्या बाकड्यामागून फिरतो आणि एकाच पळीने सर्वांच्या ताटलीत ओततो. ब्रेडच्या स्लाइस संपल्या तर शेजाऱ्याची बशी आपल्याकडे सरकते. (कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव नव्हे, स्लाइस. यावर पुणेकरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.)

दिवसभर हेच चालते. दुपारी खानावळीत तांबडा आणि पांढरा रस्सा, संध्याकाळी खासबाग मैदानाजवळ भेळ, रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून दिलेले फेसाळ दूध. शहरात नव्याने आलेला विद्यार्थी आठवडाभर या फेऱ्या मारतो, मित्रांना छायाचित्रे पाठवतो आणि कोणता रस्सा सरस यावर मत बनवतो. त्या बाकड्यावर आपण कसे बसलो, हा प्रश्न त्याला पडत नाही. पडावा असे आज तिथे काही दिसतही नाही.

शंभर वर्षांपूर्वी मात्र याच शहरात एका हॉटेलात जाऊन एक कप चहा पिणे ही राज्यकर्त्याने विचारपूर्वक केलेली कृती होती. हा धागा त्या चहाविषयी आहे, आणि खरे तर चहा पिणाऱ्यापेक्षा तो करणाऱ्याविषयी.

आधी थोडे चहाविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी चहा महाराष्ट्रात नवा होता, पण तो ज्या समाजात आला तिथे पाण्याचे नियम जुने होते. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यांच्याही आधी पाणी येते. ज्याच्या हातचे पाणी ‘चालत’ नाही, त्याच्या हातचा चहा कसा चालणार? चहा म्हणजे उकळलेले पाणीच. त्यामुळे चहाच्या दुकानाच्या दारात प्रत्येक गिऱ्हाईक, कळत वा नकळत, दोन प्रश्न सोडवत असे. कप माझ्याआधी कोणाच्या ओठाला लागला आहे? आणि किटलीवरचा हात कोणाचा आहे?

हे प्रश्न किती जड होते ते पुण्याने १८९० साली पाहिले होते. पंच हौद मिशनच्या आवारात एका कार्यक्रमानंतर जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या पतीने, उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहरात गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्या सुधारक मित्रांना ते फार लागले. देशभर नाव असलेल्या माणसांना एका कपाचा हिशोब द्यावा लागला, तोही मिशनऱ्यांच्या घरच्या कपाचा. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा हा विषय तिथे निघालाच नव्हता.

तो निघाला कोल्हापुरात, आणि त्याचीही सुरुवात एका हौदापासून झाली.

गंगाराम कांबळे हे छत्रपतींच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदातील पाणी घेतल्याच्या कारणावरून त्यांना चाबकाने बेदम मारहाण झाली. शाहू महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगाराम आणि त्यांचे सोबती सोनतळीच्या मुक्कामी जाऊन त्यांना भेटले आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराज संतापले. मारणाऱ्यांना त्यांनी त्याच पद्धतीने शिक्षा केली, असे ही हकीकत सांगते. त्यानंतर त्यांनी गंगाराम यांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सुचवले आणि मदतही दिली.

गंगाराम यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. नावातच जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा सूर ऐकू येतो, आणि कोल्हापूर त्या काळी त्या चळवळीचे मोठे केंद्र होते. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता. गिऱ्हाईक मात्र येईना. महाराचे हॉटेल, ही बातमी चहाच्या वासाआधी रस्त्यावर पोहोचली होती.

इथे थोडे थांबून राज्याची बाजू पाहिली पाहिजे, कारण शाहूंच्या हाती काय होते आणि काय नव्हते, यावर पुढची गोष्ट उभी आहे. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८ मध्ये महार वतन रद्द केले. १९१९ मध्ये एकामागून एक हुकूम निघाले: सरकारी दवाखान्यांत आणि शाळांत अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागवावे, ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा आणि सरकारी इमारतींत शिवाशिव पाळू नये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घ्यावीत. हे सारे कागदावर होते आणि त्यामागे संस्थानाची सत्ता होती.

परंतु या यादीत खाजगी चहाचे दुकान कुठे बसते? दवाखान्यातल्या डॉक्टरला नोकरीची भीती घालता येते. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला ‘अमक्याच्या हातचा चहा पी’ असा हुकूम कसा काढणार? दारावर कोणी मज्जाव केलेला नव्हता. लोक फक्त पुढे निघून जात होते, आणि पुढे निघून जाणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा ठरत नाही.

यापूर्वी शाहूंनी स्वतः अशा ठिकाणी तडजोड केलेली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कोल्हापूरची वसतिगृहे हा त्यांच्या कार्याचा अभिमानाचा भाग आहे. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघाले; जैन, लिंगायत, मुसलमान विद्यार्थ्यांची बोर्डिंगे झाली; १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकातून फिरताना त्यांतल्या काही इमारती आजही दिसतात. पण ती जातवार होती. मुलगा शिकायला शहरात यावा यासाठी आधी त्याच्या घरच्यांना पटेल अशी पंगत हवी होती, म्हणून चुली वेगळ्या ठेवल्या गेल्या. शिक्षण आधी, सहभोजन नंतर, असा तो क्रम होता. व्यवहार म्हणून त्यात शहाणपण आहे. तरीही ती पंगत एकत्र नव्हती, हे विसरता येत नाही.

गंगाराम यांच्या हॉटेलात ती अडचण टाळता येण्यासारखी नव्हती. तिथे एकच चूल होती.

तेव्हा महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. त्यांचा खडखडा, म्हणजे त्यांची आवडती घोडागाडी, भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेलापुढे थांबू लागला. महाराज गंगाराम यांना हाक मारून चहा मागवत, स्वतः पीत आणि गाडीत बरोबर असलेल्यांनाही पाजत. बरोबरचे म्हणजे कोण? सरदार, मानकरी, अधिकारी, काम घेऊन आलेली बडी मंडळी. काही आठवणींत असेही येते की ज्यांना महाराजांची सही हवी असे, त्यांना ती या चहानंतरच मिळे. सोडा वॉटरचे यंत्रही महाराजांनी गंगाराम यांना मिळवून दिले, असे सांगतात. राजा ज्या हॉटेलात चहा पितो तिथे जायला प्रजेला मग फारसे कारण उरले नाही, आणि धंदा चालू लागला.

ही हकीकत आपल्याकडे आली ती मुख्यतः आठवणींच्या रूपाने. अशा आठवणी सांगणाऱ्याच्या तोंडी घोटीव होत जातात, संवाद चटकदार होतात, चहाच्या कपांची संख्या वाढते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने संवाद बाजूला ठेवावेत. गाभा मात्र टिकतो, कारण तो शाहूंच्या त्याच वर्षांतल्या हुकुमांशी आणि वागणुकीशी जुळतो. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण बॅरिस्टर व्हायच्या वाटेवरचे डॉ. आंबेडकर. शाहू तिथे गेले आणि हाच तुमचा खरा पुढारी, अशा आशयाचे बोलले. सत्तेचे वजन स्वतःच्या देहाने कुठेतरी नेऊन ठेवायचे, ही त्यांची पद्धत होती.

एक शंका उरते, आणि ती टाळू नये. गाडीत बसलेल्या त्या सरदाराने चहा प्याला तो मनापासून की भीतीने? बहुधा भीतीने, निदान पहिला कप तरी. घरी जाऊन त्याने आंघोळ केली असेल, चूळ भरली असेल, कदाचित गुपचूप प्रायश्चित्तही घेतले असेल. अशा दडपणातून आलेल्या समतेला किती किंमत द्यायची, असे कोणी विचारू शकेल. पण पुण्याच्या चहाशी तुलना करून पाहावी. तिथे चहा प्यायचा की नाही हे प्रत्येकाच्या मनावर होते आणि नंतरचे दडपण सारे प्रायश्चित्ताच्या बाजूने होते. कोल्हापुरात पहिल्यांदा दडपणाची दिशा बदलली. चहा न पिणाऱ्याला कारण द्यावे लागू लागले.

आणि तरीही ही गोष्ट नेहमी राजाची म्हणून सांगितली जाते, हे थोडे खटकते. राजाने गमावण्यासारखे काय होते? त्याच्या कपाचा हिशोब मागणारे धर्मपीठ त्याने वेदोक्त प्रकरणानंतरच झुगारले होते. धोका होता तो गंगाराम यांना. पाण्यासाठी मार खाल्लेल्या माणसाने पुन्हा पाण्याचाच धंदा काढला, तोही भर रस्त्यावर, आपली ओळख न लपवता. गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांतही रोज सकाळी चूल पेटवायची, भांडी घासायची, दूध आणायचे आणि रस्त्याकडे पाहत बसायचे. खडखडा काही दिवसभर दारात उभा राहत नसे. महाराज निघून गेल्यावर जे लोक येत किंवा येत नसत, त्यांना तोंड गंगारामच देत होते.

पुढे हा प्रश्न राज्यघटनेत आला. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून प्रवेश नाकारण्यास मनाई आहे, आणि त्याच अनुच्छेदात विहिरी आणि तलावही आहेत. मूलभूत हक्कांच्या गंभीर भाषेत उपाहारगृहासारखी क्षुल्लक वस्तू कशी आली, असे वाटणाऱ्याने भाऊसिंगजी रस्ता आठवावा. खेड्यापाड्यांत वेगळी कपबशी त्यानंतरही बरीच वर्षे टपरीच्या वळचणीला अडकवलेली होती.

आजच्या कोल्हापुरात संध्याकाळनंतर दुसऱ्याच पाट्या उजळतात. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण इतक्या सहज वाचतो की त्यातले परमिट ऐकू येत नाही. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. दारू प्यायला परवाना लागू लागला. परवानाधारकाने बसून पिण्याची खोली ती परमिट रूम. नियम सैल झाले, नाव राहिले. त्याच पाटीवर खाली बहुधा ‘फॅमिली रूम’ असेही लिहिलेले असते, आणि बाई बरोबर असली की वेटर न विचारता पडद्याकडे, जिन्याकडे बोट दाखवतो. एकटी मुलगी बाहेरच्या बाकड्यावर बसली तर तिच्याकडे किती माना वळतात, हे तिलाच विचारावे. आडनाव न विचारणारे बाकडेही सगळ्यांचे झालेले नाही.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत गेले. वय अवघे ४७. त्यांच्यामागे काही वर्षांतच कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला तो कोणा सरदाराने वा मानकऱ्याने नव्हे, चहावाल्या गंगाराम कांबळे यांनी.