मिटवायचा सांधा, जपायचा सांधा

प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये खरी परीक्षा सांध्याची असते. विमान असो, रणगाडा असो की मोटार, दोन अर्धे भाग चिकटवल्यावर मधे जी रेघ उरते, ती पुट्टी भरून आणि पॉलिश पेपरने घासून अशी नाहीशी करायची की वरून बोट फिरवलं तरी लागू नये. परभणीत घराच्या वरच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल मांडून मी बरीच वर्षं हेच करत आलो. सांधा दिसला की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जायचा. व्हायकिंग जहाजाचा किट जोडायला घेतला आणि या सवयीला मुरड घालावी लागली, कारण हे जहाज सांध्यांनीच घडलेलं आहे.

किट 1:50 मापाचा, नॉर्वेतल्या गोकस्टाड जहाजावरून बेतलेला. तिथल्या सांदेफ्योर्डजवळच्या गोकस्टाड नावाच्या शेतावर एका टेकाडाखाली 1880 मध्ये हे जहाज सापडलं. इ.स. 890 च्या सुमाराला ते बांधलं गेलं आणि पुढे एका मातब्बर माणसाच्या दफनासाठी जमिनीत पुरलं गेलं. निळसर चिकणमातीने त्याला हजार वर्षं सांभाळलं. लांबी 23 मीटरच्या वर, रुंदी पाच मीटरच्या आसपास, लाकूड ओकचं. माझ्या टेबलावर ते दीड फुटाचं होतं.

बांधायची रीत अशी. आधी कणा, म्हणजे तळाचा लांब वासा. मग दोन्ही अंगांनी एकेक फळी वर चढवत न्यायची. वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर बाहेरून चढते, जसा आपल्याकडे शेडवर पत्र्यावर पत्रा चढवतात. चढलेल्या कडांमधून लोखंडी रिव्हेट ठोकायचे आणि फटीत डांबरात भिजवलेली लोकर किंवा जनावराचे केस भरायचे. गोकस्टाडला एका अंगाला अशा 16 फळ्या आहेत. कवच असं उभं राहिलं की मग आतून आडव्या फासळ्या बसवायच्या. खालच्या फळ्या या फासळ्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, त्या झाडाच्या चिवट मुळ्यांनी बांधलेल्या आहेत. फळ्याही करवतीने कापलेल्या नसत. ओंडका पाचरी मारून उभा फोडत, म्हणजे लाकडाचे धागे तुटत नाहीत आणि पातळ फळीही दणकट राहते.

याचा उपयोग काय, ते 1893 मध्ये जगाने पाहिलं. गोकस्टाडची हुबेहूब प्रतिकृती बांधून माग्नुस आंडरसन नावाचा कप्तान ती नॉर्वेतून अटलांटिकपार घेऊन गेला, थेट शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, म्हणून ते साल आपल्याला पाठ असतं. आंडरसनने नोंदवून ठेवलं आहे की लाटांवर जहाजाची वरची कड सहा-सहा इंच पिळवटत असे, तळ वरखाली होई, तरी जहाज वेगाने आणि बिनघोर चाललं. लाटेचा जोर प्रत्येक सांधा थोडा थोडा वाटून घेत होता. सांधे हालत होते म्हणून जहाज मोडत नव्हतं.

किटमध्ये मात्र हे सगळं दोन तुकड्यांत येतं, उजवी बाजू आणि डावी बाजू. प्रत्येकावर 16 फळ्या साच्यातच उमटलेल्या. दोन्ही बाजू जोडणारी रेघ कण्यावरून जाते, आणि खऱ्या जहाजात ती नाही. तिथे एकच सलग लाकूड आहे. म्हणजे एका हाताने हा खोटा सांधा मिटवायचा आणि त्याला अगदी लगटून असलेल्या पहिल्या फळीची खरी कड दुसऱ्या हाताने वाचवायची. काम मिलिमीटरभर जागेतलं.

मी ते असं करतो. दोन्ही बाजू एकत्र दाबून धरायच्या आणि फटीवर पातळ गोंद ब्रशच्या टोकाने टेकवायचा. तो आपोआप आत ओढला जातो. हा गोंद फेव्हिकॉलसारखा दोन पृष्ठभागांच्या मधे बसून राहत नाही, तो पॉलिस्टायरीनच विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. किंचित जोर दिला की विरघळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी फटीतून वर येतो. तो आला की सांधा आतपर्यंत भरला असं समजायचं. दोन दिवस हात लावायचा नाही. मग कण्याच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावून पहिल्या फळीची कड झाकायची आणि ब्लेड उभं धरून मणी खरवडून काढायचा. पॉलिश पेपर शेवटी, तोही अरुंद पट्टी कापून, कण्याच्या लांबीत. आडवा घासला तर फळीची कड गेलीच.

जी कड अशी जपली, तिला पुढे रंगाने बोलतं करायचं. संग्रहालयातलं गोकस्टाड काळपट दिसतं म्हणून अनेकजण मॉडेलही काळपट रंगवतात. तो रंग हजार वर्षं मातीत राहिलेल्या लाकडाचा आहे. पाण्यावर चालणारं जहाज उजळ तपकिरी असणार, डांबराचा हात दिलेलं, उन्हा-मिठाने जागोजाग करडं पडलेलं. मी एकाच तपकिरीच्या चार छटा करून घेतो आणि शेजारच्या दोन फळ्यांना कधीच एक छटा देत नाही, कारण त्या वेगवेगळ्या ओंडक्यांतून आलेल्या असतील. मग गडद, पाण्यासारखा पातळ रंग कडेखाली सोडायचा. तो सावलीच्या जागी जाऊन बसतो. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग कडेवरून नुसता फिरवायचा. या दोन हातांनी सोळाही फळ्या एकमेकींपासून सुटून दिसतात.

परभणीचं हवामान या कामात पदोपदी आडवं येतं. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेला की ॲक्रिलिक रंग प्लास्टिकवर टेकण्याआधी ब्रशच्या टोकावरच वाळतो. तेव्हा रंग पहाटेच लावायचा आणि त्यात रिटार्डरचा थेंब घालायचा. पावसाळ्यात उलट तऱ्हा. दमट हवेत मॅट वार्निश मारलं की वर पांढुरकी साय धरते, म्हणून झड उघडेपर्यंत वार्निशचा डबा बंद. दिवाळीनंतरची कोरडी थंडी खरी या छंदाची.

किटबरोबर आलेलं प्लास्टिकचं शीड मी वापरलं नाही. व्हायकिंग शिडं लोकरीची विणत. आपला मुलूख कापसाचा, तेव्हा जुन्या धोतराचा विरलेला तुकडा घेतला, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवला आणि वारा भरल्याचा फुगवटा यावा म्हणून चेंडूवर वाळवला. दोरखंडासाठी शिवणाचा दोरा मेणावरून ओढून घेतला म्हणजे त्याची लव बसते. ढालींचं कामही सांध्याचंच निघालं. गोकस्टाडवर 64 ढाली होत्या, एका अंगाला 32, आळीपाळीने पिवळ्या आणि काळ्या, एकीवर दुसरी अर्धी चढवलेल्या. चढलेली कड आधी अंधारी करून घेतली तरच त्यांची ओळ खरी वाटते.

समुद्र इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर. तरी जहाजांशी आपलं नातं दूरचं नाही. येलदरीच्या धरणात अडते ती पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, आणि त्याच डोंगररांगेत, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. पाचव्या शतकातल्या जहाजांचा हा चित्ररूप पुरावा हाती धरून गोव्यात दिवाडी बेटावर होडी इनोव्हेशन्सच्या आवारात नौदलाचं ‘कौंडिण्य’ बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या साथीदारांनी वाफेवर वाकवलेल्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ भरली. जुने आराखडे उपलब्ध नव्हते, म्हणून आधी आयआयटी मद्रासमध्ये लहान मॉडेल पाण्यात चालवून पाहिलं गेलं. माझ्यासारख्याला याचा अभिमान वाटतो. 19.6 मीटर लांब, 6.5 मीटर रुंद, नाळेवर सिंह-याळी, चौकोनी शिडं आणि सुकाणूच्या जागी वल्ही. 29 डिसेंबर 2025 ला पोरबंदरहून निघालेलं हे जहाज 14 जानेवारी 2026 ला मस्कतला पोचलं, इंजिनाशिवाय.

गोकस्टाडच्या फळ्या एकमेकींवर चढतात, कौंडिण्यच्या फळ्या कडेला कड लावून शिवलेल्या आहेत. पण दोन्हीकडे कवच आधी आणि फासळ्या नंतर. दोन्हीकडे बांधणाऱ्याने सांधा उघडा ठेवला, कारण सगळी भिस्त त्याच्यावर होती. आता मला कौंडिण्य 1:50 मध्ये करायचं आहे, म्हणजे 39 सेंटिमीटरचं. प्लास्टिकच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून, हाताच्या ड्रिलने भोकं पाडून, खरोखरच शिवून. टाका उमटवायला इथे तयार साचा नाही, आणि नसलेलाच बरा.

छंद शिकायला येणाऱ्या मुलांना मी आता गोंदाची बाटली उघडण्याआधी एक काम देतो. किटवरचे सगळे सांधे शोधून दोन याद्या करायला सांगतो: एक कारखान्यातल्या साच्यामुळे झालेल्या सांध्यांची, दुसरी मूळ वस्तू घडवणाऱ्या कारागिराने जाणून केलेल्या सांध्यांची. पहिल्या यादीवर मन लावून पुट्टी चालवायची. दुसऱ्या यादीतल्या एकाही सांध्याला पुट्टीचं बोट लागू द्यायचं नाही.