ताटामागचं घर

आमच्या घरातल्या जुन्या अल्बमांत माणसं खच्चून भरली आहेत, जेवण मात्र कुठेच नाही. मुंजी आहेत, बारशी आहेत, महाबळेश्वरला ओळीने उभे केलेले दीर-भावजया आहेत. पण ज्या पुरणपोळीसाठी सासूबाई सगळ्या गोतावळ्यात ओळखल्या जात, तिचा एकही फोटो नाही. लग्नातल्या पंगतींचे आहेत. त्यांत वाढणाऱ्याचा हात दिसतो, नवरीच्या तोंडाशी नेलेली जिलबी दिसते, पण पानात काय वाढलंय हे भिंग लावलं तरी कळत नाही.

याला कारणं होती. घरात आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. ते पुरवून पुरवून वापरायचे. त्यातला एक आमटीवर घालवावा हा विचार कुणाच्या मनाला शिवलाही नसता. शिवाय त्या कॅमेऱ्याला जवळचं दिसायचंच नाही. चार-पाच पावलं लांब उभं राहिलं तर माणूस नीट यायचा, वाटीतली खीर टिपायला जावं तर नुसता धुरकट गोळा. पुढे छत्तीस फोटोंचे रंगीत रोल आले, तेव्हा एखादा फोटो जेवणावर खर्चायला हरकत नव्हती. पण ते रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेले. ट्यूबलाइटखाली सगळं हिरवट यायचं आणि साठच्या बल्बखाली पिवळंधमक. भात कुठला आणि वरण कुठलं हे ओळखू येत नसे.

छापील चित्रांचंही तसंच. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी मुली ती बरोबर घेऊन सासरी गेल्या. ती आम्ही वाचली ती वाटी-चमच्याच्या मापांसाठी; पदार्थ दिसतो कसा, हे शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघायचं. १९७३पासून 'कालनिर्णय' भिंतीवर आलं आणि महिना संपला की पानामागची पाककृती कापून ठेवायची सवय लागली. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं. १९९३मध्ये संजीव कपूरांचा 'खाना खजाना' सुरू झाला, तेव्हा पदार्थाच्या खाली काय अंथरलंय, शेजारी काय मांडलंय हे बघायला आम्ही शिकलो. तोवर ताटामागे घर असायचं. ते निवडावं लागत नव्हतं.

आता लागतंय. आम्ही जावा-नणंदा मिळून घरच्या पदार्थांची एक वही करतो आहोत, मुलांसाठी आणि नातवंडांसाठी. प्रत्येक पदार्थाचा फोटो हवा असं मुलांचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. अनारशाला किती रंग आला की झारा घालायचा, भाजणी कुठवर भाजायची, हे कितीही लिहिलं तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. फोटो काढायला फोन पुरतो. खरी चर्चा रंगते ती पदार्थ ठेवायचा कशावर, यावर.

भाचीने हौसेने सामान पाठवलं. लाकडी फळ्यांचं चित्र छापलेले मोठे तक्ते, खणाचा तुकडा, पितळेचं ताट आणि पितळेच्याच वाट्या. हल्ली मराठी जेवण म्हटलं की सगळीकडे हेच दिसतं: खण, पितळ, कडेला मोगऱ्याचा गजरा. दिसायला देखणं आहे, यात वाद नाही. पण ते आमच्या घराचं नाही, आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकींच्या घराचं नसावं.

पितळेचंच घ्या. आमच्या लहानपणी पितळ होतं, पण ते आतून पिवळं नव्हतं. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर भसकन वर यायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो ते कथील आतून झरझर फिरवत न्यायचा. बघता बघता आतली बाजू पांढरीशुभ्र व्हायची. जेवण लागायचं ते त्या पांढऱ्याला, पितळेला नव्हे. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेचं, आमसुलाचं काही राहिलं तर कळकायचं, आणि कळकलेलं ताक प्यायलं की उलट्या ठरलेल्या. म्हणून झगझगीत पिवळ्या वाटीत चिंचगुळाची आमटी घातलेला फोटो पाहिला की मला तो सुंदर वाटण्याआधी धडकी भरते. माझ्या आजीने ती वाटी हातातून काढून घेतली असती.

पितळ घरातून गेलं कसं, हेही विसरून चालणार नाही. राख आणि चिंच लावून ते रोज लख्ख करणारे हात आमच्या आयांचे होते. स्टील आलं तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हंडे-घंगाळी मोडीत गेली आणि त्यांच्या बदल्यात ताटं-वाट्या आल्या. जुन्या साड्या, उसवलेल्या पँटी वर्षभर साठवायच्या आणि दुपारी बोहारीण आली की तिच्याशी तासभर घासाघीस करून एक डबा पदरात पाडून घ्यायचा. फडताळात उतरत्या मापाचे डबे ओळीने लागले की आई दोन पावलं मागे सरकून बघत राहायची. त्या स्टीलमध्ये तिच्या कष्टांचा आणि तिच्या निवडीचा मान आहे. वहीत ते नसेल तर ती वही आमची म्हणता येणार नाही, असं मी स्पष्टच सांगितलं. भाचीला ते पटलं. पितळेचं ताट देवघरात गेलं, तिथे ते शोभतं.

स्टीलचा फोटो काढणं मात्र सोपं नाही. नव्या कोऱ्या ताटात फोन, हात, बांगड्या, वर फिरणारा पंखा, सगळं उमटतं. उपाय जुन्या ताटातच सापडला. थोरल्या जाऊबाईंच्या लग्नातलं ते ताट. काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, पुढे 'हिस आत्याकडून सप्रेम भेट' आणि तारीख. भांड्यांच्या दुकानातला माणूस यंत्राची सुई कर्रकर्र फिरवत नाव घालायचा. या ताटावर त्याचा हात जरा घाईत असावा, कारण 'भेट'मधला ट काठावरून खाली घसरलाय. टिंबांच्या खळग्यांत हळद-तेलाचा अंश कायमचा बसलाय आणि त्यामुळे अक्षरं फोटोतही वाचता येतात. काथ्याने घासून घासून सगळ्या ताटावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालंय. हे ओरखडेच कामी येतात. उजेड त्यांच्यावर फुटून पसरतो, एका जागी चमकून डोळ्यांत शिरत नाही.

"ताई, नाव वाटीने झाकू या का?" धाकटीने विचारलं.

"अगं, नाव झाकायचं तर ताट कशाला घ्यायचं?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. नाव दिसतंय, घसरलेल्या ट-सकट.

उजेड आम्ही पूर्वेच्या खिडकीचा घेतो, ऊन पुढे सरकून गेल्यावरचा. ऊन तिरपं आत येत असेल तर खिडकीवर मामंजींचं जुनं धोतर ताणून लावतो. झिजलेल्या सुतातून उजेड असा गाळून येतो की साजूक तुपाचा रवाळपणासुद्धा दिसतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी करायची, म्हणजे सावलीत काळोख राहत नाही. याला थर्माकोल उत्तम. पूर्वी गणपतीच्या मखराचं माळ्यावर पडलेलं असायचं, पण २०१८मध्ये राज्यात त्यावर बंदी आली आणि आली ते चांगलंच झालं. घरातले दिवे मात्र सगळे बंद करायचे. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले तर एकाच भाताला दोन रंग येतात.

पिठलं-भाकरीसाठी आम्ही थोरल्या दिरांकडे गेलो, कारण कडाप्प्याचा ओटा आता फक्त त्यांच्याकडे उरलाय. बाकी सगळ्यांचे ग्रॅनाइटचे झाले. ज्वारीची भाकरी पांढऱ्या टाइलवर ठेवली तर हरवून जाते. कडाप्प्यावर ठेवली की तिचा सुटलेला पापुद्रा, तव्यावर उमटलेले डाग, कडेची पिठाची भुकटी, सगळं वेगवेगळं दिसतं. ओट्याला खोबरेल तेलाचा हात लावून कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा. तेल अंमळ जास्त झालं तर ओटा चकाकतो आणि भाकरी फिकी पडते. शेजारी बुक्कीने फोडलेला कांदा. त्याला सुरी लावायची नाही, कारण तो सुरीने कापलेला दिसला की पिठल्याची चव फोटोतसुद्धा बदलते. हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

खाली जेवायला बसायचो त्या शहाबादी फरशीचा गुण निराळा. करडी, किंचित खडबडीत; ती स्वतःचा रंग कुणावर टाकत नाही आणि दुसऱ्याचा घेत नाही. आंध्रातल्या कडप्प्याचा आणि कर्नाटकातल्या शहाबादचा दगड महाराष्ट्रातल्या वाड्या-चाळींमध्ये इतका मुरला की परक्या मुलखाचा कधी वाटलाच नाही. मुगाची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, मेतकूट-भात अशा गरीब रंगाच्या पदार्थांना ही फरशी सांभाळून घेते.

पुरणपोळीचं घोडं मात्र अडलं होतं. हिरव्या पानावर ती छान दिसते, पण पान सणाचं. आमच्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवशी शिळी पोळी दुधाबरोबर खायची, ती कुठल्या पानावर? तेव्हा नणंदेला स्वयंपाकघराची भिंत आठवली. दरवर्षी दिवाळीआधी चुन्यात नीळ घालून हात द्यायचे. निळसर पांढरी, हाताला लागणारी भिंत, आणि तिच्याशी पाठ टेकून आम्ही जेवायचो. निळ्या रंगाचं अन्न आपल्याकडे जवळपास नाहीच. हळद, तिखट, गूळ, केशर, सगळी पिवळ्या-तांबड्याची कुळं. त्यांच्यामागे निळं आलं की ती उठून दिसणारच. नणंदेने प्लायवूडच्या फळीला चुना आणि नीळ कालवून ब्रशचे उभे-आडवे हात दिले, मुद्दाम थोडे असमान. त्या फळीपुढे पोळीची घडी ठेवली, तूप सोडलं, आणि आम्ही सगळ्याच एकदम बोलायला लागलो.

रंगांची जाण आम्हाला नव्याने आलेली नाही. सासूबाई वरण पिवळं असलं तर बटाट्याची पिवळी भाजी होऊ द्यायच्या नाहीत. कोशिंबीर काकडीची असेल तर चटणी खोबऱ्याची नको, लसणाची तांबडी वाट. सणाच्या पानात मीठ वर मधोमध, जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटण्या, कोशिंबिरी, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्ये भाताची मूद. पानाचं टोक डावीकडे. डावीकडे झणझणीत रंग चिमूटचिमूट आणि उजवीकडे शांत रंग पळीपळीने, अशी ती मांडणी. हे पान टिपायचं तर स्टुलावर चढून सरळ वरून; बाजूने घेतलं की मांडणीच मोडते. हिरव्यावर पांढरं, पिवळं, तांबडं फुलतं, बुडतं ते फक्त अळूचं फदफदं. त्याला द्रोण द्यायचा.

सगळ्यात सुंदर चौकट तर आपल्याकडे पूर्वीपासून होती, महिरप. डोहाळजेवण असो की विहिणींची पंगत, पाटाभोवती, पानाभोवती रांगोळीची महिरप घातल्याशिवाय कुणी बसत नसे. आमची एक मावशी तर आधी मेनू विचारायची आणि मग रांगोळीचे रंग काढायची. जिलबी असेल तर महिरपीत नारिंगी नाही. श्रीखंड असेल तर गुलाबी आणि हिरवा भरपूर. तासाभरात पंगत उठायची आणि सगळं केरसुणीने गोळा व्हायचं. त्या महिरपींचा एकही फोटो नसावा, याची हळहळ मला पुरणपोळीच्या फोटोपेक्षा जास्त आहे.

धाकटी जाऊ कोल्हापूरची. तांबडा-पांढरा करायची वेळ आली तेव्हा तिने आमची कुठलीच मांडणी मानली नाही. माहेरहून तिने काळी घोंगडी आणली, भावकीच्या जेवणावळीत बसायला अंथरतात ती. घोंगडीवर दोन वाट्या. काळ्या लोकरीने भोवतालचा उजेड गिळला, उरले फक्त ते दोन रंग. पांढऱ्याला बाकी काही करावं लागलं नाही. तांबड्याला घाई हवी. कट वर तरंगतोय तोवरच खिडकीचा उजेड त्याच्यावर खेळतो, रस्सा निवला की साय धरल्यागत मंद होतो. तिने तीन-चार फोटो भराभर घेतले आणि लगेच, "चला, गार व्हायच्या आत जेवून घ्या," म्हणून सगळ्यांना बसवलं.

येत्या रविवारी सोलकढी आहे. स्टीलच्या पेल्यात तिचा रंग दिसत नाही, आणि घरी तर ती स्टीलच्याच पेल्यातून प्यायली जायची. पाहुण्यांच्या सरबताचे फुलांची नक्षी असलेले काचेचे पेले होते, त्यातला एक नणंदेकडे शाबूत आहे. तो घेऊन या असं वन्संना कळवलंय. पेल्यामागे निळी फळी लावायची की खाली शहाबादी घ्यायची, यावर थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं अजून एकमत नाही.