सगळे माझ्याकडे या!

ऐन वेळी चार माणसं जेवायला घेऊन आलो की आमच्या हिच्या कपाळाला आठ्या पडतात. परवा त्यावर उतारा म्हणून मी तिला ॲली ब्राउनली यांची गोष्ट सांगितली. या गृहस्थांनी अख्खं गाव घरी बोलावलं होतं, तेही रेडिओवरून!

इंग्लंडातल्या मिडल्सब्रोच्या संघाचं धावतं वर्णन ते स्थानिक रेडिओवर करीत. निःपक्षपातीपणा त्यांनी कधी अंगाला लावून घेतला नाही. २००६ साली यूएफा कपच्या उपान्त्य फेरीत स्टेआवा बुखारेस्टविरुद्ध संघ एकूण तीन गोलांनी मागे पडला. मग चार गोल चढवले. चौथा ८९व्या मिनिटाला! ब्राउनली सुटलेच. १८७६ सालापासूनचा इतिहास, लोखंडाच्या भट्ट्या, डोंगरातल्या खाणी, सारं एका दमात आळवून त्यांनी फर्मावलं, सगळे माझ्या घरी पार्मो खायला या! पार्मो म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेली कोंबडी, वर पांढरा सॉस आणि चीज.

अंतिम सामन्यात चार-शून्य असा मार खाल्ला, पण गावानं आमंत्रण जपून ठेवलं. फेब्रुवारी २०१६मध्ये ब्राउनली कर्करोगानं गेले, तेव्हा लोकांनी स्टेडियमपाशी फुलं आणि संघाचे मफलर आणून वाहिले. तीनच महिन्यांनी संघ प्रीमियर लीगमध्ये परतला. ओरडून सांगायला ते नव्हते.

ही जरा वेळ गप्प बसली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "रविवारी मॅच आहे ना? कितीजण येणार आहेत?"